तीनशे कोऱ्या टी-शर्टांचा खरा भाव: तिरुपूर ते ठाणे

गोविंदा पथकासाठी ३०० प्लेन टी-शर्ट ऑनलाइन मागवायचे होते. गडद निळा रंग, राउंड नेक, अर्ध्या बाह्या, पुढे-मागे पांढऱ्या शाईत एकरंगी छपाई. पहिल्या दोन दिवसांत आलेले भाव १२८, १३६ आणि १४९ रुपये. तिघेही तमिळनाडूतल्या तिरुपूरचे, आणि तिघांनीही मालाचं वर्णन एकच लिहिलेलं: १८० जीएसएम (कापडाच्या वजनाचं माप), बायोवॉश (वरची लव काढलेलं), शंभर टक्के कॉटन. शेवटी घेतला १३६ चा माल, आणि तोच सगळ्यात स्वस्त पडला. तो कसा, हे पायरीपायरीने लिहितो, म्हणजे मंडळ, पथक, शाळा किंवा छोटा छपाईवाला यांना स्वतःच्या ऑर्डरीवर लावून बघता येईल.

पैसे वाचवायची सुरुवात विक्रेत्याला फोन करण्याआधी होते, मापांच्या यादीपासून. व्हॉट्सॲपवर ‘आपापला साइज टाका’ म्हणून विचारलं की लोक दोन वर्षांपूर्वीचा साइज सांगतात. शिवाय एका कारखान्याचा एम म्हणजे छाती ३८ इंच, दुसऱ्याचा ४०. काही जण अंगाचं माप लेबलवर लिहितात, काही जण कपड्याचं. म्हणून सरावाच्या जागी पाच मापांचे पाच टी-शर्ट ठेवले आणि प्रत्येकाला घालून बघायला लावून नाव लिहून घेतलं. सगळ्यांचं होईपर्यंत तीन संध्याकाळी गेल्या. २९२ नावं झाली: एस ३०, एम ८७, एल ९७, एक्सएल ५३ आणि डबल एक्सएल २५. त्यात एमचे ३, एलचे ३ आणि एक्सएलचे २ असे ८ जादा धरून ३०० केले. जादा नग लागतातच, कारण छपाईत एक-दोन बिघडतात आणि मालात एक-दोन खराब निघतात. नंतर पाचच मागवायचे म्हटले तर त्याच छटेचा माल मिळत नाही.

ही यादी हातात नसली की विक्रेता ‘सेट’ गळ्यात मारतो. सेट म्हणजे ठरलेल्या प्रमाणात बांधलेली मापं, बहुतेकदा एस, एम, एल, एक्सएल सारखेच. आपल्या ३०० नगांना तो सेट लावला तर प्रत्येकी ७५ येतात. म्हणजे एसचे ४५ आणि एक्सएलचे २० पडून, एमचे १५ आणि एलचे २५ कमी, आणि डबल एक्सएल एकही नाही. सेटमध्ये नगामागे चार-पाच रुपये कमी सांगतात, पण ६५ टी-शर्ट कोणाच्या अंगाला येणार नसतील तर ती बचत कुठे राहिली? मोकळ्या मापांत देणाराच विक्रेता शोधावा. डबल एक्सएलला नगामागे १० रुपये जादा मागितले होते. तेव्हा एसचे ३० नग दाखवले, त्यात कापड कमी लागतं, आणि सगळ्या मापांना एकच भाव पक्का केला. अशी घासाघीस हिशेबावर चालते, नुसत्या ‘थोडं कमी करा’वर नाही.

आता कापड. पॉलिस्टरचे डॉट-निट टी-शर्ट स्वस्त असतात, लवकर वाळतात, पण थरात खांद्यावर पाय द्यायचा असतो. गुळगुळीत कापड तिथे नको, कॉटनच हवं. पांढरा रंग साधारणपणे सगळ्यात स्वस्त, कारण गडद रंगाला रंगद्रव्य जास्त लागतं. तरीही पांढरा घेतला नाही. दिवसभर अंगावर पाण्याचा मारा असतो, आणि भिजलेला पांढरा टी-शर्ट आरपार दिसतो. गडद कापडावर रंगीत छपाई करायची तर आधी पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो, म्हणजे एक स्क्रीन (छपाईची जाळी) आणि एक हात जास्त. चित्र फक्त पांढऱ्या शाईत ठेवलं की हा खर्च उरत नाही. कापडाचा रंग आणि छपाईचे रंग एकाच बैठकीत ठरवावेत. आधी टी-शर्ट घेऊन मग डिझाइन करत बसणारे छपाईत पैसे घालवतात.

विक्रेते शोधताना जाहिरातीच्या पानावरचा भाव फक्त दार समजावा. ऑनलाइन घाऊक बाजारपेठेत एकदा चौकशी टाकली की दिवसभर फोन येत राहतात, त्यातले कितीतरी जण मधले व्यापारी असतात. आम्ही प्रत्येकाला एकच मजकूर पाठवला: नग, मापं, रंग, जीएसएम, कापडात मिश्रण आहे का, भाव करासह की करावेगळा, भाडं कोणाकडे, सगळा माल एका डाइंग लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेला, मिळेल का, आणि जीएसटी क्रमांक. नेमकी उत्तरं देणारे तीनच उरले. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर फुकट तपासता येतो. फर्मचं नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, एवढं दिसतं. तमिळनाडूचा क्रमांक ३३ ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने. ‘तिरुपूर फॅक्टरी’ म्हणवणाऱ्याचा क्रमांक ३३ ने सुरू होत नसेल तर तो बहुधा मधला व्यापारी असतो. त्याच्याकडून घेऊ नये असं नाही, पण त्याचा नफा भावात आहे हे धरून बोलावं.

मग नमुने. तिघांकडून एकेक एल मापाचा गडद निळा टी-शर्ट मागवला, कुरिअरसह ६३० रुपये गेले. ३०० नगांवर वाटले तर नगामागे २ रुपये १० पैसे. या ६३० रुपयांशिवाय पुढचं काहीच कळलं नसतं.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. कारखान्यात ते मोजायला गोल कटर असतो. घरी कटर नको, १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा चौकोन नीट कापा आणि सोनाराच्या छोट्या काट्यावर ठेवा. ग्रॅममधल्या आकड्याला १०० ने गुणलं की जीएसएम. कापड ओढून ताणून कापू नका, आकडा चुकतो. सपाट पसरून दहा मिनिटं तसंच राहू द्या आणि शिवणीपासून लांबचा तुकडा घ्या. १२८ वाल्याचा चौकोन १.५८ ग्रॅम भरला, म्हणजे १५८ जीएसएम. १३६ वाल्याचा १.८१ आणि १४९ वाल्याचा १.७६. दोन-चार टक्के इकडेतिकडे चालतं, पण १८० सांगून १५८ म्हणजे तो माल सरळ खालच्या प्रतीचा. भावाला जीएसएमने भागलं तर पहिल्याचा एका जीएसएममागे ८१ पैसे पडतो आणि दुसऱ्याचा ७५ पैसे. ‘स्वस्त’ टी-शर्ट कापडाच्या हिशेबात महाग होता.

त्याच चौकोनातून धागे काढून जाळून पाहिले. शिवणीचा धागा घेऊ नये, तो बहुतेकदा पॉलिस्टरचाच असतो आणि उगाच घोटाळा होतो. कॉटन जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर असेल तर वितळून टोकाला कडक मणी धरतो. इथे तिघेही खरे निघाले. राखाडी मेलांज रंग घेणाऱ्यांनी ही परीक्षा चुकवू नये. तो रंग वेगवेगळ्या रंगाचे तंतू मिसळून आणतात, आणि त्यात पॉलिस्टर किंवा व्हिस्कोस असणं नेहमीचंच.

सगळ्यात बोलकी परीक्षा धुण्याची. टी-शर्टच्या पाठीवर ४० सेंटिमीटरच्या दोन रेघा, एक उभी आणि एक आडवी, न जाणाऱ्या पेनाने काढल्या. दोनदा धुवून, सावलीत वाळवून पुन्हा मोजल्या. १३६ वाल्याची उभी रेघ ३८.४ झाली, म्हणजे ४ टक्के, आडवी ३९.२. १२८ वाल्याची उभी रेघ ३७ वर आली, साडेसात टक्के. एल मापाची उंची २८ इंच धरली तर पहिल्या धुण्यांतच दोन इंच गेले, आणि हात वर केला की पोट उघडं. हे असं होतं कारण विणलेलं कापड फिनिशिंगमध्ये ताणून रुंद किंवा लांब करतात, आणि पाणी लागलं की ते आपल्या मूळ जागी येतं. नीट कॉम्पॅक्टिंग केलेलं, म्हणजे कारखान्यातच दाबून आकसवलेलं कापड आधीच बसलेलं असतं. धुतल्यावर बगलेखालची शिवण पुढे वळली आहे का हेही बघावं. सिंगल जर्सी म्हणजे टी-शर्टच्या नेहमीच्या एकपदरी विणीच्या कापडात धाग्याच्या पिळामुळे असं होतं, आणि एकदा वळलेली शिवण इस्त्रीने सरळ होत नाही.

ओलं पांढरं फडकं गडद निळ्या कापडावर दहा-बारा वेळा घासून रंग किती सुटतो तेही पाहिलं. भिजत नाचणाऱ्या पथकासाठी हे फार महत्त्वाचं. रंग सुटला तर पांढरी छपाईही निळसर दिसायला लागते.

अजून एक छोटी परीक्षा आहे जी फार कमी जण करतात: कापडावर पाण्याचा एक थेंब. साधं कॉटन थेंब चटकन पितं. थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर फिनिशिंगमध्ये सिलिकॉन सॉफ्टनर जास्त मारलेला आहे असं समजा. असा टी-शर्ट हाताला रेशमासारखा लागतो, दुकानात मन मोहून घेतो, पण त्यावर शाई नीट धरत नाही. खरं बायोवॉश म्हणजे एन्झाइमने कापडावरची बारीक लव काढून टाकणं. त्याने कापड स्वच्छ आणि गुळगुळीत होतं, आणि धुतल्यावर गोळे कमी धरतात. नुसत्या सॉफ्टनरचा मऊपणा धुण्यागणिक उतरत जातो.

हे सगळं झाल्यावर १२८ वाला गळला. उरलेल्या दोघांत भाव समपातळीवर आणायचे होते, कारण १४९ मध्ये कर आणि घरपोच भाडं धरलेलं होतं आणि १३६ मध्ये काहीच नव्हतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाची किंमत २५०० रुपयांपर्यंत असलेल्या कपड्यांवर ५ टक्के जीएसटी आहे. टी-शर्टचा एचएसएन, म्हणजे करासाठीचा मालाचा कोड, ६१०९. म्हणजे १३६ गुणिले ३०० हे ४०,८०० आणि कर २,०४०, मिळून ४२,८४० रुपये. पथकाची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे हा कर परत मिळत नाही, तो किमतीतच धरायचा. नोंदणी असलेल्या छपाईवाल्याने मात्र बिलावर स्वतःचा क्रमांक आणि आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीचा जीएसटी) आहे ना, हे बघून घ्यावं. तमिळनाडूच्या विक्रेत्याने सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात विक्रीचा कर) लावून बिल फाडलं तर महाराष्ट्रातल्या खरेदीदाराला त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, घेता येत नाही.

आणि भाडं. इथे बहुतेक जण डोळे झाकून कुरिअर घेतात. एल मापाचा नमुना १८२ ग्रॅम भरला होता. त्यावरून सगळ्या मापांचं वजन काढलं तर ३०० नगांचं साधारण ५४ किलो, बांधणीसह ५५. कुरिअरवाला मात्र खोक्याचं आकारमान मोजतो: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. ६० बाय ४५ बाय ४० च्या खोक्याचे २१.६ किलो होतात, त्यात टी-शर्ट भरले १८ किलोचे. अशा तीन खोक्यांचे ६५ किलो लावले, ४४ रुपये दराने २,८६० रुपये. तोच माल गोणीत दाबून, शिवून, ट्रान्सपोर्टने पाठवला तर खऱ्या वजनाला १४ रुपये किलोने ७७० रुपये, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) आणि हमाली १८०, गोडाऊनमधून आणायला टेम्पो ४००. एकूण १,३५०. वाचले १,५१०, म्हणजे नगामागे पाच रुपये. एवढी सूट फोनवर भांडून मिळाली नसती. बदल्यात दोन गोष्टी मान्य कराव्या लागतात. माल पोचायला आठवडा धरायचा, आणि तो घरी येत नाही, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला जाऊन उचलायचा.

अशा रीतीने १३६ चा टी-शर्ट दारात १४७ रुपये ३० पैशांना पडला, घरपोच वाला १४९. फरक इतका कमी की घरपोच वाल्याकडे सगळी मापं एका डाइंग लॉटची असती तर त्याच्याकडूनच घेतले असते. ती नव्हती.

ऑर्डर ४०-५० नगांचीच असेल तर मात्र हा सगळा खटाटोप करू नका. नमुन्याचे ६३० आणि किमान भाडं-हमाली-टेम्पो ९०० धरले तर ४० नगांवर प्रत्येकी ३८ रुपये बसतात. १३६ अधिक कर म्हणजे १४२.८०, तो १८१ वर जातो, आणि एवढ्या कमी नगांना १३६ चा भावही मिळत नाही. स्थानिक घाऊक दुकानदाराने करासह १७५ सांगितले होते आणि माप बदलूनही देणार होता. तिथून घ्यावेत.

ऑर्डर देताना चार ओळी लेखी घेतल्या: सगळा गडद निळा माल एकाच लॉटचा, जीएसएम १८० ला ५ टक्के कमी-जास्त, प्रत्येक नगाला वेगळी प्लास्टिक पिशवी नको, आणि मानेवर फक्त मापाचं लेबल. पिशवी नको म्हटल्यावर नगामागे दीड रुपया कमी झाला असता, पण त्याऐवजी मापवार दहा-दहाचे गठ्ठे बांधून मागितले. छपाईवाल्याला ३०० पिशव्या फोडत बसावं लागत नाही, आणि मोजणी दहा मिनिटांत होते. पैसे फर्मच्या चालू खात्यात भरले, प्रोफॉर्मा बिल (माल पाठवण्याआधीचं कच्चं बिल) हातात आल्यावर. खात्याचं नाव आणि जीएसटीवरचं नाव एकच असायला हवं. ‘साहेब, माझ्या यूपीआयवर टाका’ म्हटलं की तिथेच थांबावं. आंतरराज्य मालाची किंमत करासह ५०,००० च्या वर गेली तर ई-वे बिल (माल वाहून नेण्याची ऑनलाइन नोंद) लागतं. आमची ४२,८४० होती म्हणून लागलं नाही, पण याच भावाने ३६० नग घेतले असते तर ५१,४०८ झाले असते. तेव्हा विक्रेत्याकडून ई-वे बिल मागून घ्यायचं, नाहीतर गाडी वाटेत अडते.

वेळेचा हिशेब गोपाळकाल्यापासून उलटा करावा. श्रावण वद्य नवमीनंतर दहा-बारा दिवसांत गणपती, म्हणजे छपाईवाल्यांकडे दोन्ही सणांची कामं एकदम. छपाईला पाच दिवस, तपासणीला एक, वाहतुकीला सात, विक्रेत्याकडे बांधणीला तीन, नमुन्यांना आणि धुण्याच्या परीक्षेला दहा, वर एक आठवडा मोकळा. पाच आठवडे हातात असले तर ट्रान्सपोर्ट परवडतं. दोनच उरले तर कुरिअर आणि मिळेल तो माल. हिवाळ्यात मागवणाऱ्यांनी पोंगल लक्षात ठेवावा. जानेवारीच्या मध्यावर तिरुपूरचे कामगार गावी जातात आणि बरेच दिवस काम थंड असतं. दिवाळीलाही तसंच.

गोडाऊनला गेल्यावर आधी गोण्यांची शिवण पाहिली, मग वजन. बिल्टीवर ५५ किलो, काट्यावरही ५५. वजन पाच-सहा किलो कमी भरलं असतं तर एकतर नग कमी किंवा कापड हलकं, आणि ते सही करण्याआधीच कळतं. गोणी फाटलेली असेल तर तसं पोचपावतीवर लिहूनच सही करावी. गोण्या उघडताना शिवणीपासून शेवटच्या गठ्ठ्यापर्यंत न थांबवता व्हिडिओ काढला. प्रत्येक मापाचा एक गठ्ठा काट्यावर ठेवला. एलचे दहा नग १.८० किलो भरले, नमुन्याच्या हिशेबाने १.८२ हवे होते. ठीक. कापड न कापता जीएसएम तपासायची ही सगळ्यात सोपी रीत आहे, त्यासाठी नमुन्याचं वजन आधी लिहून ठेवलेलं हवं.

खोट निघाली ती छटेत. एलच्या १०० पैकी ४० नग किंचित जांभळट. ट्यूबलाइटखाली कळत नव्हतं, उन्हात बाहेर नेऊन शेजारी ठेवल्यावर दिसलं. लेखी ओळ होती, त्यामुळे विक्रेत्याने वाद घातला नाही, पण बदलून यायला दहा दिवस लागले असते. आम्ही माल ठेवून घेतला, बिलातून ८०० रुपये कमी करून घेतले, आणि ते ४० नग एकाच गटाला, ढोल-ताशावाल्यांना दिले. थरात मिसळले असते तर फोटोत उठून दिसले असते. सुईने छिद्र पडलेले ३ आणि तेलाचा डाग असलेले २ नगही निघाले. त्यांचे फोटो दोन दिवसांच्या आत पाठवले आणि क्रेडिट नोट (बिलातून तेवढी रक्कम वजा केल्याची नोंद) मिळवली. ही तपासणी छपाईच्या आधीच करायची. छापलेला नग कोणी परत घेत नाही.

छपाईवाल्याकडे सगळा गठ्ठा टाकण्याआधी खराब निघालेल्यांपैकी एकावर छापून घेतलं, तीनदा धुतलं आणि छपाई दोन्ही हातांनी ताणली. तडे गेले तर शाई नीट शिजलेली नाही. प्लास्टिसॉल शाईला पूर्ण थर साधारण १६० अंश सेल्सियसला पोचावा लागतो, नुसता वरून कोरडा होऊन भागत नाही. पहिल्या वेळी बारीक तडे दिसले. मशीनचा पट्टा हळू चालवून पुन्हा छापलं, तेव्हा जमलं. मग बाकीचे दिले. छपाईत २ बिघडले. आधीचे ५ खराब आणि हे २ मिळून ७, म्हणजे ८ जादा नगांपैकी एक एक्सएल उरला.

तो घडी करून, धुतलेला नमुना, कापडाचा निळा चौकोन, पाच मापांची वजनं आणि बिलाची प्रत यांच्यासोबत एका पिशवीत ठेवला आहे. पुढच्या श्रावणात त्याच विक्रेत्याला फोन करताना आधी हा चौकोन आणि नवीन नमुना उन्हात शेजारी ठेवू.